दमट हवेत डीह्युमिडिफायर: काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो: उकडतंय म्हणून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून टाकीत जमा करणारं यंत्र, घेणार असाल, तर घेऊ नका. त्याने खोली गार होत नाही, उलट तापते. हवेतली वाफ यंत्रातल्या थंड नळ्यांच्या जाळीवर (कॉइलवर) पाणी होताना उष्णता सोडते, त्यात कॉम्प्रेसरची गरमी मिसळते, आणि एसी जशी ती बाहेर टाकतो तशी हा टाकत नाही. सगळी खोलीतच राहते. दार-खिडक्या लावून चालवला की माझ्या खोलीचं तापमान एक-दोन अंश सहज चढतं. अंगासाठी पंखा आणि गरजेपुरता एसी, हा सामानासाठी.

कोरड्या हवेतून विषुववृत्ताजवळ राहायला आलेल्या माणसाला हे लवकर लक्षात येत नाही. सुरुवातीला सगळा जीव घामाने हैराण असतो. पण एक-दोन आठवड्यांत शरीर बरंचसं सरावतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठही कमी जातं. सामान मात्र सरावत नाही. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, लिफाफे न चाटताच चिकटतात, प्रमाणपत्रांना लाटा येतात. खोक्यात जपून ठेवलेल्या बुटांचं तर विचारूच नका. पॉलियुरेथेनचा तळ दमटपणाने आतल्या आत विघटित होत जातो, वरून धड दिसतो आणि घालून बाहेर पडलं की भुगा होतो. झालेलं नुकसान भरून काढणारं यंत्र नाही.

माझा डीह्युमिडिफायर कॉम्प्रेसरवाला, खोक्यावर ‘दिवसाला 20 लिटर’ असं छापलेला. हा आकडा बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. खोली 55 टक्क्यांवर आणून ठेवायची असेल तर निम्म्याच्या आसपास पाणी निघतं, कारण हवा जितकी कोरडी तितकं पाणी काढणं कठीण. यात फसवणूक नाही, पण घेताना मोठा आकडा बघून हुरळू नये.

यंत्रावरच्या आर्द्रतेच्या आकड्यावर मी विसंबत नाही. वेगळा छोटा मापक आणला आणि आधी तोच तपासला: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ओलं वाळूसारखं होईल इतकंच पाणी, झाकण आणि मापक एका बंद डब्यात रात्रभर. मापकाने 75 दाखवायला हवं. तेवढा फरक लक्षात ठेवला की झालं. आता यंत्राचा आकडा 50 म्हणतो तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला 57-58 असतं. बुरशीसाठी साधारण 60 च्या खाली राहिलं तरी पुरतं, त्यामुळे 40 चा हट्ट धरून वीज जाळण्यात अर्थ नाही.

खिडकी उघडी ठेवून चालवणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. 30 अंश, 80 टक्के असलेल्या बाहेरच्या हवेत घनमीटरमागे सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. 27 अंश, 55 टक्क्यांच्या हवेत सुमारे 14. दहा बाय दहाच्या खोलीत जेमतेम 25 घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतली हवा एकदा बदलली की पाव लिटर पाणी नव्याने आत आलं. खिडकी किलकिली असेल तर यंत्र अख्ख्या शहराची हवा सुकवत बसतं. त्यापेक्षा एकच लहान खोली निवडा, दाराखालची फट बुजवा, कपाटाची दारं उघडी ठेवा.

पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते कपडे वाळवण्यात. पावसाळी दिवसांत टॉवेल दोन-दोन दिवस ओलसर राहायचा आणि धुतलेला असूनही कुबट यायचा. तो वास सावकाश सुकणाऱ्या कापडात वाढणाऱ्या जिवाणूंचा. आता रात्री दोरीवर कपडे, खाली डीह्युमिडिफायर, समोरून पंखा. सकाळी जीन्सची कंबरपट्टीसुद्धा कोरडी. पंखा नसेल तर निम्मी मजा जाते.

कटकटी आहेत. आवाज जुन्या फ्रिजसारखा, त्या खोलीत झोपणं मला जमत नाही. टाकी भरली की यंत्र गुपचूप थांबतं, म्हणून नळी लावून पाणी न्हाणीत सोडलंय. तिला सतत उतार हवा, मध्ये चढ आला की पाणी तुंबतं. गावाला जाताना टाकी रिकामी करून पुसून ठेवा, साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात. ते पाणी पिऊ नका, फरशी पुसायला वापरा. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा लागतो.

‘एसी आहे की, मग हा कशाला?’ असं बरेच जण विचारतात. एसी चालू असेपर्यंत हवा कोरडी करतो, पण बंद केला आणि नुसता पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत येतं. शिवाय 20 अंशांवर गोठवलेल्या खोलीत बाहेरची दमट हवा शिरली की थंड भिंतीवर दव धरतं आणि कपाटामागे काळे डाग पडतात. कपाटात टांगायच्या, ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या लहान जागेत चालतात, पण खाली साचणारं द्रव कपड्यांवर किंवा चामड्यावर सांडलं तर ते खराब होतं. कॅमेऱ्याच्या भिंगांना मात्र घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच बरं. आत 40 ते 50 टक्के राहिलं की पुरे.

परत घ्यायचा झाला तर याच आकाराचा घेईन, पण वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणारा. माझा होत नाही, आणि घरी कुणी नसताना वीज गेली की कपाटात पुन्हा तोच ओलसर वास.