रात्रपाळीआधी झोप कशी मोजायची: तोल, प्रतिक्रियेचा वेग की चालकाचा शब्द?

डेपोत गाडी सोडण्यापूर्वी झोप तपासायची, तर हाताशी तीन मार्ग आहेत.

सर्वांत स्वस्त म्हणजे चालकालाच विचारणे. आपली झोप 1 ते 9 अंकांत सांगायच्या कॅरोलिन्स्का मापनात 1 म्हणजे पूर्ण जागा, 9 म्हणजे झोपेशी झटापट. पण 14 दिवस रोज 6 तास किंवा त्याहून कमी झोपवलेल्यांची 2003 मधला प्रयोग सांगतो की चुका वाढतच गेल्या, 'झोप येतेय' ही जाणीव मात्र जवळपास तिथेच थांबली. शिवाय ड्युटी गेली की पैसे जाणार असतील, तर 8 कोण सांगेल? निर्णय यावर सोडू नका.

दुसरा मार्ग तोलाची पाटी, म्हणजे तिच्यावर उभ्या माणसाचं डोलणं मोजणारा सपाट फलक. तिच्यावर घाम येईपर्यंत चालावं लागत नाही. एक मिनिट स्थिर उभं राहिलं की झालं. पाटीच्या चार कोपऱ्यांतले भार-सेन्सर दाबाचं केंद्र कुठे सरकतंय ते टिपतात. झोप कमी झाली की घोटा, कानातला तोल आणि नजर यांचा मेळ घालणारा मेंदू सुस्तावतो, दुरुस्ती उशिरा होते आणि डोलणं वाढतं. अनवाणी उभं करा, पावलांची आखणी कागदावर पेन्सिलीने काढून ठेवा म्हणजे दर वेळी तीच जागा मिळेल. हात बाजूला, बोलायचं नाही. आधी डोळे उघडे, मग मिटून, प्रत्येकी 30 ते 60 सेकंद, तीन वेळा, सरासरी घ्या. मिटलेल्या डोळ्यांच्या वेळी शेजारी माणूस उभा हवाच.

गोची इथेच आहे. मुरगळलेला घोटा, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, कानाचा विकार, दारू, सगळ्यांनीच डोलणं वाढतं. म्हणून दोन चालकांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. प्रत्येकाचा पुरेशा झोपेनंतरचा, त्याच वेळेचा स्वतःचा आकडा आधी हवा. एखाददुसरा तास कमी झोपलेला माणूस पाटीवर उमटेलच असंही नाही.

प्रतिक्रिया चाचणीत 2 ते 10 सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण उमटते, दिसताच बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदाहून उशीर म्हणजे चूक. पूर्ण चाचणी 10 मिनिटांची, आटोपशीर आवृत्ती 3 मिनिटांची, तिला खुणांमधलं अंतर आणि उशिराची मर्यादा दोन्ही कमी. सरावाने फारशी सुधारत नाही, आणि मुद्दाम हळू दाबता आलं तरी पेंगुळलेल्याला वेगवान होण्याचं सोंग जमत नाही. मात्र सगळ्यांना एकच यंत्र द्या. टचस्क्रीनचा उशीर फोनगणिक बदलतो.

आमची पसंती 3 मिनिटांच्या चाचणीला. पाटी आधीपासून असेल तर जोडीला ठेवा, पण केवळ तिच्या आकड्यावर कुणाला घरी पाठवू नका. चाचणीचा निकाल वाईट आला तर 20 मिनिटांची डुलकी द्या, उठल्यावर अर्धा तास जडपणा उतरू द्या, मग पुन्हा तपासा. तरीही चुका दिसल्या तर त्या रात्री गाडी दुसऱ्याकडे.