बालसाक्षीदार कक्ष : खोली उत्तम, तारखांचे काय?

पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालील खटल्यांमध्ये बालकल्याण समिती पीडित मुलासाठी जी सहायक व्यक्ती नेमते, ते काम मी करते. त्यामुळे आमच्या जिल्हा न्यायालयातील बालसाक्षीदार कक्षाशी, म्हणजे मुलांची साक्ष जेथे नोंदवली जाते त्या खोलीशी, माझा नेहमीचा संबंध आहे, आणि ज्या पालकांना मुलांना घेऊन अशा कक्षात जावे लागणार आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. जिल्ह्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण लहान गावात तेवढ्यावरूनही मूल ओळखले जाते.

कक्षाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे मागच्या बाजूचे स्वतंत्र प्रवेशद्वार. आरोपीचे नातेवाईक ज्या व्हरांड्यात घोळका करून उभे असतात, तेथून मुलाला जावेच लागत नाही. स्वच्छतागृह कक्षाला लागूनच आहे. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण घाबरलेल्या मुलाला दर थोड्या वेळाने तिकडे जावे लागते, हे सोबत बसणाऱ्यालाच कळते. खेळणीही आहेत, मात्र ती काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली बहुधा सापडत नाही.

मूल आरोपीसमोर येणार नाही, पण आरोपीला त्याची साक्ष ऐकू येईल, अशी व्यवस्था २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम ३६ने बंधनकारक केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२मध्ये, महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या एका प्रकरणात, असे कक्ष उभारण्याचे आदेश दिले. आमच्याकडे त्यासाठी पडदा आणि दृक्‌श्राव्य जोडणी आहे, आणि आवाजही स्पष्ट येतो.

प्रत्यक्ष साक्षीबद्दल मात्र मी मनापासून चांगले लिहीन. कायद्याप्रमाणे सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न) असो वा उलटतपासणी (विरुद्ध पक्षाचे प्रश्न), वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे असतात आणि मुलाला ते न्यायाधीशांनी विचारायचे असतात. एका खटल्यात बचाव पक्षाचा प्रश्न होता, ‘घटना नेमकी किती वाजता घडली?’ न्यायाधीशांनी तो तसाच पुढे न करता विचारले, ‘तेव्हा शाळा सुटली होती का?’ मुलगी म्हणाली, ‘दप्तर अजून पाठीवरच होतं.’ घड्याळाची वेळ विचारली असती तर ती गप्प बसली असती किंवा काहीतरी ठोकून दिले असते, आणि पुढे त्याचीच विसंगती म्हणून चर्चा झाली असती. मूल थकलेले दिसताच न मागता विश्रांती देण्याची या न्यायाधीशांची पद्धतही वाखाणण्याजोगी आहे.

नाराजी आहे ती कक्षाबाहेरच्या कारभाराबद्दल. समन्सवर सकाळी ११ची वेळ असते, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, प्रकरणाची पाळी येईपर्यंत दुपार उलटते, आणि मग आरोपीचे वकील गैरहजर म्हणून पुढची तारीख पडते. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावले जाऊ नये, असे कलम ३३ सांगते. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत त्याची साक्ष नोंदवावी, असे कलम ३५ सांगते. प्रत्यक्षात साक्षीची तयारी करून आलेले मूल न बोलता घरी जाते, त्या रात्री नीट झोपत नाही, आणि पुढच्या तारखेला येण्यासच नकार देते. मग त्याची समजूत घालणे आई-वडिलांच्या आणि आमच्या वाट्याला येते. शिवाय सुरुवातीला पट्टेवाले व्हरांड्यात मुलाच्या पूर्ण नावाने पुकारा करीत, त्यामुळे स्वतंत्र दरवाजाचा उपयोगच संपत असे. ही गोष्ट न्यायाधीशांच्या कानावर घातल्यापासून केवळ खटल्याचा क्रमांक पुकारला जातो. पैरवीचे, म्हणजे खटल्याच्या कामासाठी न्यायालयात येणारे, पोलीस मात्र अजूनही गणवेशातच येऊन प्रतीक्षा खोलीत बसतात.

खोली आणि साक्ष यांसाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन, तारखांच्या नियोजनासाठी दीड.

जाणाऱ्या पालकांनी सहायक व्यक्ती मिळाली नसल्यास बालकल्याण समितीकडे तिची मागणी करावी. कोठे जायचे हे ठाऊक नसल्यास १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर विचारावे. साक्षीच्या आधी एखाद्या दिवशी मुलाला रिकामा कक्ष दाखवण्याची विनंती सरकारी वकिलांमार्फत करावी. आमच्याकडे ती सहसा मान्य होते. साक्षीच्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी न्यायालयाच्या लिपिकाकडे प्रकरण चालणार आहे का, याची चौकशी करावी. आणि जेवणाचा डबा सोबत न्यावा, कारण आवारातील एकमेव उपाहारगृहात दोन्ही बाजूंची माणसे एकाच बाकावर येऊन बसतात.