चौकोनी आसाचा खोला: सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑगस्टच्या पहिल्या फेरीपासून आमच्या ट्रॉलरला ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा खोला लावलाय (आस म्हणजे जाळ्याचं भोक, खोला म्हणजे जाळ्याचं शेवटचं टोक जिथे मासळी साठते), आता शिमगा तोंडावर आला म्हणजे सात महिने झाले. बरेच जण फोन करून विचारतात परवडतो का, मासळी जाते का, खलाशी ऐकतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आम्ही दिवाळे कोळीवाड्यातले, बेलापूरला. बोट सासरवाडीच्या भागीत आहे म्हणून ती करंजाला उभी असते, मेव्हणा तांडेल म्हणजे बोट चालवणारा, माल जातो ससून डॉकला. जाळ्यांचं काम मात्र आमच्याकडे दिवाळ्याच्या जेट्टीवर होतं आणि महिन्यातून एक फेरी मी स्वतः मारतो, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नेहमीच्या जाळ्याचा आस असतो शंकरपाळीसारखा. बोट जाळं ओढायला लागली आणि खोल्यात वजन आलं की ती शंकरपाळी दोन्ही बाजूंनी चेपते, आस बंद होतो, मग कागदावर तो कितीचा का असेना आत गेलेलं बारीक पिल्लूसुद्धा बाहेर पडत नाही. चौकोनी आस ताणाखाली उघडाच राहतो, एवढाच फरक. आणि ४० म्हणजे आस ताणून मोजलेला, चौकोनाची एक बाजू २० मिलिमीटरच असते, अंगठा जेमतेम जातो. खूप लोकांना वाटतं ४० चं भोक म्हणजे सगळी कोलंबी गेली, तसं नाहीये. आमचा जुना खोला २० चा होता, म्हणजे बाजू १० ची, त्यातून पाण्याशिवाय काहीच जात नव्हतं.

का बदलला ते सांगतो. आमची फेरी आठ-दहा दिवसांची असते. पहिल्या पाच-सहा दिवसांत जे बारीक म्हावरं म्हणजे मासळी येते, बोटभर ढोमे, दोरीसारख्या वाकट्या, लेपे, राणी माशाची पिल्लं, ते ठेवून उपयोग नसतो कारण बर्फ आणि मासळी ठेवायचा खण चांगल्या मासळीला लागतो, मग खराट्याने लोटून परत समुद्रात. शेवटच्या दोन दिवसांचं तेवढं आणायचं, तोच धक्क्यावर दिसणारा कुटा, जो फिशमीलला म्हणजे मासळीच्या भुकटीला आणि कोंबड्यांच्या खाद्याला जातो. म्हणजे धक्क्यावरचा कुटा बघून कुणी अंदाज बांधत असेल की एवढंच बारीक म्हावरं मरतं तर तो अंदाज खूप कमी पडतो, त्याच्या दुपटी-तिपटीने वाटेतच टाकलेलं असतं. आणि टाकलेलं काही जगत नाही. ढोमा खालून झटकन वर आला की त्याच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो आणि जठर तोंडातून बाहेर येतं, तसाच पांढरं पोट वर करून तरंगत राहतो, बोटीमागे पक्ष्यांचा थवा आणि त्याच्या मागे हे पांढरे ठिपके लांबपर्यंत. मी लहानपणापासून हे बघतोय पण दोन वर्षांपूर्वी एका ओढीत, म्हणजे एकदा जाळं टाकून ओढलं त्यात, जवळजवळ सगळा खोला पिल्लांचाच निघाला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, २०१९ मध्ये जो अहवाल काढला त्यात जगभरात वर्षाला ९१ लाख टनांच्या आसपास मासळी अशी टाकून दिली जाते असं म्हटलंय, एकूण पकडीच्या साधारण दहावा हिस्सा, आणि त्यात तळाला घासत जाणारी ट्रॉल जाळी सगळ्यात पुढे. आमच्याच प्रकारची जाळी म्हणजे.

आता अनुभव. सुरुवात वाईट झाली. ज्याच्याकडे शिवायला दिलं त्याने चौकोनी तुकडा जुन्या जाळ्याला आसाला आस लावून शिवला. चौकोनी आणि शंकरपाळी आस एकाला एक बसतच नाहीत, हिशोब करून जोडावे लागतात, नाहीतर शिवणीवर चुण्या पडतात आणि पुढचे आस परत बंद. पहिल्या फेरीत फरकच दिसला नाही, मेव्हणा म्हणाला, "भावजी, पैसे पाण्यात गेले." घरी आणून जेट्टीवर पसरलं तेव्हा कळलं, शिवणीजवळ अंगठा जातच नव्हता. उसवून परत शिवलं, दोन दिवस गेले. दुसरी चूक आमचीच, खोला घासून फाटू नये म्हणून वरून जुन्या जाळ्याचं आवरण घातलेलं. ते घातलं तर चौकोनी आस असून नसून सारखाच, पिल्लू आतल्या जाळ्यातून सुटतं आणि बाहेरच्यात अडकतं. आता फक्त खालच्या अंगाला, जिथे तळ घासतो तिथे तुकडा आहे, वरचं सगळं मोकळं.

तिसऱ्या फेरीपासून खरा फरक. खोल्याची गाठ सोडली की डेकवर जो ढीग पडतो तोच निम्म्यावर आलेला, पण त्यातली कामाची मासळी जवळपास तेवढीच. आधी एक ओढ निवडायला दीड-दोन तास जायचे, आता पाऊण तास. तेवढ्या वेळात खलाशी मासळी नीट धुऊन बर्फात लावतात, आणि ससून डॉकला लिलावात त्याचा फरक पडतो, बळा (मोठी वाकटी) आणि म्हाकूल (स्क्विड) चमकदार दिसतो. वाकट्या बारीक असतात त्या सरळ निसटतात, बोटभर ढोमे बरेचसे जातात. करंदी म्हणजे बारीक कोलंबी जाते, हे खरं आहे, लपवत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फेरीमागे दहा-बारा हजार कमी आले आमच्या वहीप्रमाणे, त्यात करंदी आणि कुटा दोन्ही धरून. नोव्हेंबरपासून जुन्या हिशोबाच्या बरोबरीला आलो. ज्यांची सगळी कमाई बारीक कोलंबीवर आहे त्यांनी हे आधी डोक्यात घ्यावं.

पापलेटला मात्र याचा फारसा उपयोग नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. पापलेट चपटं आणि रुंद. पाच रुपयाच्या नाण्याएवढं पिल्लू निसटतं, त्याहून मोठं झालं की आडवं अडकतं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचं किमान माप ठरवलं, पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. मी निवडायच्या फळीवर खिळ्याने १३५ आणि १८० च्या खुणा कोरून ठेवल्यात, कुणी म्हणालं हे मोठं आहे तर लाव फळीला. पण फळीवर आलं म्हणजे मेलेलंच आलं ना. म्हणून एका ओढीत पापलेटची पिल्लं जास्त दिसली की मेव्हणा जाळं उचलून जागा सोडतो, डिझेल जळतं पण दुसरा इलाज नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट जाळ्यात नव्हती, वाट्यात होती. आमच्या बोटीवर कुट्याचे पैसे खलाशांचे, वाट्याच्या वरची कमाई, आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. भाव किलोला वीस रुपयांच्या आसपास, पण फेरीअखेर हातात रोख येतात. नवीन खोला लावल्यावर ते पैसे गेले. गणपतीआधीच्या फेरीत मी डेकवर गेलो तर खोल्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा परत बांधलेला, नीट, सुतळीने. मी विचारलं तर एक जण शांतपणे म्हणाला, "नाखवा (बोटमालक), आमचा कुटा कुठं गेला?" मला त्याचा राग नाही आला, तो बरोबर बोलत होता. आपण जाळं बदलायचं आणि तोटा त्याने सोसायचा, कसं चालेल? मग घरी बसून हिशोब केला, आईलाही विचारलं, ती चाळीस वर्षं बाजारात बसलीय, तिला भाव आमच्यापेक्षा कळतो. ती म्हणाली त्यांना चांगल्या मासळीत द्या, मग चांगलीच राखतील. आता विक्रीच्या शेकडा दोन वेगळे काढून खलाशांत वाटतो. त्यानंतर तुकडा परत दिसला नाही, उलट अडकलेले ढोमे आसातून काढून जाळं साफ ठेवायला आता सांगावं लागत नाही. ज्यांनी खोला घेऊन दोन महिन्यांत काढून टाकला असे दोघं माझ्या माहितीत आहेत, दोघांनीही वाट्याला हात लावला नव्हता.

त्रास म्हणाल तर मध्यम ढोमे डोकं घालून आसात रुततात, ते हाताने काढावे लागतात. आणि प्लास्टिक. खाडीच्या तोंडाजवळ दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आसावर चिकटून बसतात आणि मग चौकोन असो की गोल, बंदच. प्रत्येक ओढीनंतर खोला झटकून पाण्याने मारतो.

कासवासाठी हा खोला नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं, लोखंडी जाळी तिरकी बसवलेली, कोलंबी गजांमधून मागे जाते आणि कासव वरच्या झडपेतून बाहेर. कोचीच्या सिफ्टने, म्हणजे केंद्राच्या मासेमारी तंत्रज्ञान संस्थेने, आपल्याकडच्या जाळ्यांसाठी तसं केलेलं आहे. ते नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोलंबी घेणं बंद केलं, त्याचा भाव आपण सगळेच भोगतोय. डिसेंबरमध्ये आमच्या खोल्यात एक कासव आलं, वजनाखाली दबलेलं, बाजूने जाळं कापून काढलं आणि सोडलं, थोडा वेळ तरंगलं मग खाली गेलं. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर २०१८ च्या शेवटापासून राज्याची २५ हजारांपर्यंत भरपाईची योजना आहे, फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, आम्ही अर्ज दिलाय.

दुसरा खोला शिवायला टाकतोय, १ जूनला बोटी बंद झाल्या की काम सुरू. यावेळी बिनगाठीचं जाळं घेतोय, गाठीला माशाचे खवले सोलतात म्हणून, आणि शिवताना दोन्ही दिवस मी बाजूला बसणार. कुणाला जोडणीचा हिशोब बघायचा असेल तर जूनमध्ये दिवाळ्याच्या जेट्टीवर या, जाळं पसरलेलंच असेल.