इंटरनेट आर्काइव्हवर बिशप ओल्डहॅम शोधताना: नागपूरच्या वाचकांसाठी परीक्षण

मिशनरींच्या शाळा-कॉलेजांचा विषय निघाला की नागपुरात गाडी हिस्लॉप कॉलेजच्या पुढे सहसा सरकत नाही. कॉलेज ज्यांच्या नावाचं ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे; त्या परंपरेत बिशप हे पदच नाही. अमेरिकन मेथॉडिस्टांची (हा बिशप असलेला प्रॉटेस्टंट पंथ) बाजू वाचायची तर बरेचसे छापील अहवाल तिकडच्या ग्रंथालयांत आहेत, आणि ते घरबसल्या, फुकट वाचण्याची सोय म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. साठा अफाट, पण शोधयंत्र हट्टी. काय विचारायचं हे आधी ठाऊक असेल तरच ते पावतं. याच पंथाचे बिशप विल्यम ओल्डहॅम या एका नावावर ते तपासलं तरी गुणदोष लख्ख दिसतात.

माणूस तसा आपल्याकडचाच. १८५४ साली बंगळूरला जन्म, सर्वेक्षणाची सरकारी नोकरी, पुण्यातल्या मेथॉडिस्ट सभांत धर्माकडे ओढा, बायकोही पुण्याचीच. अमेरिकेत शिकून परतल्यावर १८८५ मध्ये मेथॉडिस्ट मिशनरी जेम्स थोबर्न यांच्याबरोबर सिंगापूरला रवानगी झाली. तिथे १ मार्च १८८६ ला अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानघरात १३ मुलं घेऊन शाळा उघडली. आजची अँग्लो-चायनीज स्कूल ती हीच. १८८९ मध्ये तब्येतीने दगा दिला आणि सिंगापूर सोडावं लागलं. पुढे ओहायोत मिशनविषयाचं अध्यापन, आणि १९०४ मध्ये बिशपपद.

आता शोध. खिडकीत नुसतं ‘ओल्डहॅम’ आणि ‘इंडिया’ (अर्थातच रोमन लिपीत) टाकलं की भूशास्त्र अंगावर येतं. थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख, त्यांचे चिरंजीवही भूवैज्ञानिकच. सोबत ‘नागपूर’ जोडलं तर गोंधळ वाढतो, कारण हिस्लॉप यांनीही इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले होते. ‘मिशन’ हा शब्द जोडला तर जे. एच. ओल्डहॅम पुढे येतात. १९१० च्या एडिंबरोतल्या जागतिक मिशनरी परिषदेचे सचिव, तेही जन्माने मुंबईचे. म्हणून नाव आद्याक्षरांसकट (डब्ल्यू. एफ. ओल्डहॅम), अवतरणचिन्हांत टाका आणि डावीकडच्या गाळणीत १८८५ ते १९३० एवढीच वर्षं ठेवा.

दुसरी मेख जास्त महत्त्वाची. हे शोधयंत्र मुळात फक्त शीर्षक, लेखक, विषय अशा नोंदी चाळतं. ओल्डहॅम यांच्याबद्दलचा मजकूर मात्र मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या मिशनरी सोसायटीच्या वार्षिक अहवालांत दडलेला आहे, आणि तिथे शीर्षकात त्यांचं नाव असण्याचं कारणच नाही. खिडकीखाली पुस्तकांच्या आतला मजकूर शोधण्याचा पर्याय असतो, तो निवडा. शाळेसाठी १८८६ पासूनचे अहवाल उघडा. मजकूर कॉन्फरन्सवार, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक विभागांनुसार लावलेला असतो. नागपूर हवं असेल तर ‘बॉम्बे’ आणि ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ दोन्ही मथळ्यांखाली बघा, आणि जुनी ‘नागपोर’ ही स्पेलिंगही वापरून पाहा.

आकडे घेताना सांभाळा. अहवालांच्या शेवटी विद्यार्थी, शाळा, वर्गणी यांचे तक्ते समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले असतात. यंत्राने वाचलेल्या साध्या मजकुरात रकाने घसरतात, शेजारच्या गावचे विद्यार्थी आपल्या गावाच्या खात्यात जमा होतात. रिकाम्या रकान्यातले ठिपके अंक समजले जातात ते वेगळंच. साधा मजकूर फक्त जागा सापडण्यापुरता वापरावा. आकडा पानाच्या चित्रावरूनच उतरवावा. छापील पृष्ठक्रमांक आणि स्कॅनचा क्रमांकही जुळत नाहीत, कारण मुखपृष्ठ आणि कोरी पानंही मोजली जातात. संदर्भ देताना छापील क्रमांकच द्या.

तारखांचा घोळ मात्र आर्काइव्हचा नाही. ओल्डहॅम कुठे १९०४ ला बिशप होतात, कुठे १९१६ ला. दोन्ही बरोबर. १९०४ चं पद मिशनरी बिशपचं, अधिकार नेमून दिलेल्या मिशनक्षेत्रापुरता, इथे दक्षिण आशिया. १९१२ मध्ये ते परदेशी मिशन मंडळाचे सचिव झाले आणि १९१६ ला पूर्ण अधिकारांचे बिशप म्हणून दक्षिण अमेरिकेकडे गेले. त्यामुळे मधल्या वर्षांचे कागद चाळताना सचिवांच्या नावाखाली शोधावं लागतं. आणि ‘बिशप’ व ‘नागपूर’ एकत्र टाकाल तर १९०३ पासूनचे आयर चॅटर्टन भेटतील, ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले.

डाउनलोडला खातं लागत नाही, ही मोठी सोय. जुनी पुस्तकं थेट पीडीएफमध्ये उतरतात. नवी पुस्तकं उसनी घ्यायला खातं हवं. मुदत कुठे एक तास, कुठे १४ दिवस. प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यामुळे पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली, पण इतक्या जुन्या विषयाला त्याची झळ फारशी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये साइटवर हल्ला होऊन तीन कोटींवर खात्यांची माहिती फुटली, काही दिवस सगळंच बंद होतं. पासवर्ड वेगळा ठेवा आणि लागणारी फाइल लगेच उतरवून घ्या.

भारतीय डिजिटल ग्रंथालयातून आलेले स्कॅन ही या साठ्यातली सगळ्यात कच्ची बाजू. गहाळ पानं, तिरकी पानं, लेखकाच्या जागी भलतंच नाव. मराठी शीर्षकांचं रोमन रूप तर कुणी कसंही केलेलं. तीन-चार स्पेलिंग टाकून पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये.

स्थानिक कागद इथे मिळणार नाहीत आणि ते मागायला जाताना दार चुकू नये. २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतीय चर्चची स्थापना नागपुरातच झाली, पण त्यात ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट सामील झाले. ओल्डहॅम यांची अमेरिकन परंपरा ऐन वेळी बाहेर राहिली आणि १९८१ मध्ये मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया झाली. या परंपरेच्या शाळा-चर्चच्या नोंदवह्यांची चौकशी उत्तर भारतीय चर्चच्या कॅथेड्रलमध्ये नव्हे, मेथॉडिस्ट चर्चकडेच करावी.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक शोधयंत्राचा.