आठ बाय सातच्या किचनमध्ये वर्षाचं धान्य: मॉड्युलर कामात काय वसूल झालं, काय नाही

नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमधलं आमचं किचन आठ बाय सात, त्यात एक दार हॉलकडचं, एक ड्राय बाल्कनीचं, म्हणजे भिंती म्हणायला चार आणि कामाच्या अडीच. जुने कडप्प्याचे रॅक तोडून लकडगंजकडच्या एका मॉड्युलरवाल्याकडून नवीन करून घेतलं, ओटा आणि टाइल्स सोडून पावणेदोन लाखाच्या आसपास गेले. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण काम तसं वाईट नाही केलं त्यांनी आणि जे खटकलं ते बाकी शोरूममध्येही सेमच दिसत होतं. रंग, लॅमिनेट वगैरे ज्याची त्याची आवड, इथे फक्त किराणा आणि धान्य ठेवायच्या जागेबद्दल लिहून राहिली आहे.

पहिल्या थ्रीडीतच, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रातच, कळलं की हे लोक किचन भांड्यांसाठी बनवतात, खाण्याच्या सामानासाठी नाही. कप-बशीची बास्केट, ताटांची बास्केट, चमच्यांचा ट्रे, सगळं मापात, आणि धान्य म्हटलं तर एक ग्रेन ट्रॉली, ज्यात पाच-पाच किलोचे डबे बसतील. मी विचारलं, गहू कुठे ठेवायचा? तर तो पोरगा म्हणते, "मॅडम, आजकाल वर्षाचं कोण भरते, दहा मिनिटात घरी येते सगळं." अरे बावा, येते, पण आमच्याकडे भरतात! एप्रिलमध्ये गहू, फेब्रुवारी-मार्चमध्ये तूरडाळ आणि तिखटासाठी भिवापुरी मिरच्या, आणि तांदूळ दिवाळीनंतर नवा निघाला की भंडाऱ्याकडून, तोही जुना करून खायचा म्हणून आधीच्या वर्षीचा संपायच्या आतच येऊन पडते. सासूबाई तर त्याला सरळ म्हणाल्या, "तुमच्या घरी आई काय खाऊ घालते रे?"

मग आम्हीच किलोवरून लिटर काढले, आणि माझ्या मते हेच सगळ्यात कामाचं झालं. एक किलो गहू साधारण 1.3 लिटर जागा खातो, तांदूळ-डाळ सव्वा लिटरच्या आसपास धरा, आटा आणि पोहे किलोमागे त्याहून खूप जास्त. आमचा एक क्विंटल गहू, पन्नास किलो तांदूळ, पंचवीस किलो डाळ, सगळं मिळून सव्वादोनशे लिटर झालं. आता 600 एमएम रुंदीचा बेस कॅबिनेट, म्हणजे ओट्याखालचा खण, बाहेरून अडीचशे लिटरच्या जवळ भरतो, म्हणजे वाटते की एकातच सगळं मावेल, पण दोन्ही बाजूंनी 18 एमएमची प्लाय गेली की आत 564 च उरते, त्यात बिजागऱ्या, आणि चौकोनी खणात गोल कोठी ठेवली की पाचवा हिस्सा जागा कोपऱ्यांतच जाते. वर झाकण उघडायला हात जाईल एवढी उंची मोकळी पायजे ती वेगळीच. म्हणून दोन खण धरा. आम्ही आधी इतवारीतून पत्र्याच्या कोठ्या आणल्या, त्या दुकानात नेऊन ठेवल्या आणि म्हटलं आता याच्या भोवती कॅबिनेट बनवा. हसले ते लोक, पण बनवलं.

एल शेपचा जो आंधळा कोपरा असतो, जिथे हात नीट पोचत नाही, तिथे ते फिरणारं कॅरोसेल देऊन राहिले होते. शोरूममध्ये फिरवून पाहिलं तर छान वाटते, पण गोल ट्रे असल्यामुळे कोपऱ्यातली जागा परत वायाच, किंमत भारी आणि त्यावर जड काही ठेवायचं नाही. आम्ही ते काढून टाकलं आणि कोपरा साधा ठेवला, जोडपट्टीचं घडीचं दार, आत गव्हाची मोठी कोठी, जिला खालून दाणे काढायचं तोंड आहे ती. खालून काढलं की जुना गहू आधी निघतो, वरून नवा ओतत राहा. ही कोठी चक्कीवर जायच्या वेळीच उघडते, रोज हात घालावा लागत नाही, त्यामुळे कोपरा अडचणीचा असला तरी काही बिघडत नाही. या एका गोष्टीला माझ्याकडून पाचपैकी पाच.

तांदूळ-डाळीची कोठी मात्र रोजच्या खणात, आणि तिच्याखाली मिस्त्रीभाऊंनी प्लायची पाटी करून चार चाकं लावली, पाटी बाहेर ओढायची, झाकण काढायचं, परत ढकलायची. दुकानवाल्यांची हेवी ड्रॉवर चॅनलची आयडिया होती, पण साध्या टँडमचं, म्हणजे चॅनलवर सरकणाऱ्या ड्रॉवरचं, लोड 30 किलोचं असते आणि भरलेली कोठी त्याच्या वर जाते, 50 च्या वरचे चॅनल मिळतात पण त्यांचे पैसे ऐकून आम्ही चाकांवर आलो. कुरकुर आवाज येतो थोडा, चालते.

आता तक्रारीची गोष्ट. टॉल युनिट. सहा-साडेसहा फूट उंच, 450 एमएम रुंद, आतून अख्खा सांगाडा एकदम बाहेर येतो ते पुल-आउट. दिसायला राजा! पण जाळीच्या बास्केटमध्ये छोटे डबे तिरपे होतात, वरच्या बास्केटला माझा हात पुरत नाही, आणि खालच्या चॅनलवर सगळं वजन असल्यामुळे भरल्यावर ओढायला जीव जातो. त्याच पैशात दोन टँडम आणि फूटभर खोलीचे साधे शेल्फ झाले असते, आणि फूटभर खोली असली की डब्यामागे डबा लपत नाही, काय संपलं ते दार उघडल्याबरोबर दिसते. ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांनी तर हे घेऊच नये, कारण युनिट बाहेर काढलं की किचनमध्ये दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नाही.

आणि ते लावलं कुठे, तर पश्चिमेच्या भिंतीला. आम्ही म्हटलं होतं की ही भिंत तापते, तर उत्तर मिळालं की प्लाय आहे न मध्ये, काही होत नाही. नागपूरचा मे म्हणजे 45 च्या पुढे, दुपारनंतर त्या भिंतीला हात लावून पाहा, रात्री नऊ-दहापर्यंत गरम राहते. त्या खणात जवसाची चटणी आठ-दहा दिवसांत खवट वास मारायला लागली, शेंगदाण्याचा कूटही तसाच. जवसातलं तेल उष्णतेने फार लवकर खराब होते, म्हणून आता तो डबा फ्रीजमध्ये गेला आणि टॉल युनिटच्या त्या बाजूला वाट्या, गाळण्या, मिक्सरचे भांडे. तिखट-हळदही तिथून काढली, उष्णता-उजेडात रंग उडतो त्यांचा.

दुसरं, जे कोणत्याच शोरूममध्ये ऐकायला मिळालं नाही, ते कूलर. हॉलच्या खिडकीतला कूलर एप्रिलपासून चालू, त्याची ओली हवा सरळ किचनमधून ड्राय बाल्कनीकडे निघते. म्हणजे पावसाळा यायच्या आधीच मिठाला पाणी सुटते, आणि त्याच महिन्यात आपण कुरडया, पापड, सांडगे वाळवून भरत असतो! लॅमिनेटचे शटर हवाबंद नसतात, फटीतून ओल जातेच. कुरडया-पापड आम्ही कूलरच्या रस्त्यात नसलेल्या लॉफ्टवर टाकले, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि गहू उन्हात कडक करून, पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत. गरम गरम भरला तर आत घाम धरतो आणि मग टोके लागतात. कोठीत कडुनिंबाचा पाला सुकवून टाकतो, डाळीला एरंडेलाचा हात. रवा-मैदा मात्र आणल्या आणल्या चार दिवस फ्रीझरमध्ये, अंडी असतील तर तिथेच संपतात.

शेगडीच्या बाजूला सगळे जण बॉटल पुल-आउट देतातच देतात, 200 एमएमचं. तेलासाठी याच्याहून चुकीची जागा सापडणार नाही, एका बाजूला शेगडीची आच, आणि आपला 15 किलोचा तेलाचा पिपा नऊ इंचाच्या वर, तो त्यात बसतच नाही. आमच्याकडे त्यात आता पोळपाट, लाटणं आणि ट्रे उभे राहतात, त्या कामाला मस्त आहे.

कांदे-बटाट्याच्या दोन जाळ्या वेगवेगळ्या मागून घ्या, ते एकाखाली एक देतात. दोन्ही शेजारी असले की दोन्ही लवकर खराब होतात, कांद्याला हवा पायजे, बटाट्याला अंधार, नाहीतर हिरवा पडतो. आमचा कांदा ड्राय बाल्कनीच्या दारामागे भिंतीवरच्या जाळीत गेला. सिंकखाली खायचं काहीच नाही, हे सांगायची गरज नाही, पण कोटेशनमध्ये तिथेही ट्रॉली लावलेली होती म्हणून सांगितलं. सिलेंडरच्या खणाला खालून जाळी किंवा भोकं सोडायला लावा, गॅस हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो.

प्लाय आम्ही ओल्या बाजूला आयएस 710 वाली (मरीन) आणि बाकी ठिकाणी आयएस 303 ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) घेतली, शिक्का स्वतः पाहून. खालचे पाय चार इंचाचे, समोरची पीव्हीसी पट्टी क्लिपने निघते, झाडू आत जातो, झुरळं कमी झाली. इथे दुकानाला पूर्ण मार्क. फिटिंगवाले कारागीर व्यवस्थित होते, माप एमएममध्ये घेत होते, कचरा उचलून नेला. नंतरच्या सर्व्हिसला मात्र दोनच मार्क देईन, टॉल युनिटचं शटर लेव्हलमधून उतरलं आहे, फोन केला की "ताई, उद्या माणूस पाठवतो" आणि उद्या काही येत नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क कारागिरांमुळे वाढला. आणि तुम्ही कोटेशन काढायला जात असाल तर थ्रीडी पाहायच्या आधी घरातल्या कोठ्या, पिपे, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या यांची उंची-रुंदी मोजून कागदावर नेऊन द्या, बरणीची उंची झाकणासकट. आमची एक बरणी दोन सेंटीमीटरने अडली आणि सासूबाईंनी ती काही बदलू दिली नाही, तर शेवटी वरचा शेल्फच एक भोक खाली-वर करून बसवला, त्यामुळे शेल्फ फिक्स न ठेवता ॲडजस्टेबलच मागा, त्याचे वेगळे पैसेही घेत नाहीत.