‘केस जुनी आहे, घेता येणार नाही’ हे ऐकून आम्हाला ते प्रामाणिक वाटले

६९,५५० रुपये. आमच्या मुलाचा टाइप वन मधुमेह ‘बरा’ करून देतो म्हणणाऱ्या एका क्लिनिकने घेतलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘किती गेले हो?’ असं कुणी हळूच विचारायला नको. तपासणी फी १,१००, पहिल्या महिन्याची किट १४,८००, दुसऱ्या महिन्याची पुन्हा १४,८००, ‘नव्वद दिवसांचं बीटा-सेल पुनरुज्जीवन’ ३८,५०० आणि कुरिअरचे ३५०. हो, कुरिअरचेसुद्धा घेतले. दवाखान्याचं बिल यात धरलेलं नाही.

टाइप वन मुळापासून बरा करणारे कसे बोलतात ते सगळ्यांना पाठ आहे. उपाशीपोटी पावडर, रात्री काढा, गहू बंद, भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो. ते उगाळत बसत नाही. अशी माणसं आपण लांबूनच ओळखतो, असा आमचाही समज होता. पण पुडीत काहीही भरलं असतं तरी चाललं असतं. यांचा सगळा धंदा निदानाच्या तारखेवर चालतो.

मूल सहा वर्षांचं, वजन १९ किलो, निदानाच्या वेळी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ११.८. घरी सोडताना दिवसाला १४ युनिट इन्सुलिन: रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) ६, जेवणांआधी ३, २, ३. पाचव्या आठवड्यापासून लो यायला लागले, म्हणजे साखर फार खाली जायला लागली. ६२, ५८, एकदा तर ५१. डॉक्टर फोनवर कमी करत गेले आणि डोस ७ वर आला. नवीन निदानात हे बऱ्याच मुलांत होतं. वाढलेल्या साखरेने गळाठलेल्या पण अजून जिवंत असलेल्या बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या) बाहेरून इन्सुलिन मिळाल्यावर थोड्या सावरतात आणि आपलं इन्सुलिन सोडू लागतात. याला हनिमून म्हणतात. दिवसाचा डोस किलोमागे अर्ध्या युनिटच्या खाली आणि एचबीए१सी सातच्या आत असेल तर हनिमून चालू आहे असं साधारण धरतात. काही आठवडे, काही महिने, कधी वर्षभर. या पेशींवरचा शरीराचा स्वतःचाच हल्ला मात्र थांबलेला नसतो. उरलेल्या पेशीही जातात आणि डोस पुन्हा चढतो.

हा शब्द डॉक्टरांनी डिस्चार्जच्या दिवशी सांगितला होता, नाकारत नाही. पण त्याच अर्ध्या तासात ४० च्या (एका मिलीत ४० युनिट) व्हायलला ४० चीच सिरिंज, १०० च्या इन्सुलिनला ती लावलीत तर अडीचपट डोस जाईल, उघडलेली व्हायल २८ दिवसांनी फेकायची, फ्रीजरला चिकटून ठेवायची नाही, टोचायची जागा रोज बदलायची, हे सगळंही सांगितलं होतं. त्यात हनिमून वाहून गेला. ज्यांना पहिल्या दिवशीच सगळं लक्षात राहिलं त्यांनी हसावं.

क्लिनिकच्या फोनवरच्या बाईंनी किंमत सांगायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या: मुलाचं वय किती, इन्सुलिन सुरू होऊन किती दिवस झाले, आणि डोस सध्या कमी होतोय का. आम्ही सांगितलं, पावणेदोन महिने, निम्म्यावर आलाय. ‘अगदी वेळेवर आलात!’ तेव्हा वाटलं, केवढी बारकाईने चौकशी करतात.

आणि आता तो प्रसंग, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. वेटिंगमध्ये आमच्या आधी एक आई होती, नऊ वर्षांची मुलगी घेऊन आलेली. चार वर्षांपासून इन्सुलिन. आतून दोन मिनिटांत बाहेर. ‘ताई, केस जुनी आहे, घेता येणार नाही. तुमचे पैसे घेणं पाप होईल.’ फीसुद्धा परत केली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मनात आलं, लुबाडणारा आलेलं गिऱ्हाईक कशाला परत पाठवेल? अरे बाबा, म्हणूनच पाठवेल! चार वर्षांनंतर हनिमून नसतो, डोस आपोआप उतरत नाही, श्रेय घ्यायला काही शिल्लक नसतं. समोर धडधडीत दाखवत होते की यांचं औषध फक्त त्याच मुलांवर ‘चालतं’ ज्यांचा डोस तसाही उतरतोय. १,१०० चं पाकीट तेव्हा अजून खिशातच होतं.

पुढे सी-पेप्टाइड. स्वतःच्या शरीरात इन्सुलिन किती बनतं याचा अंदाज या तपासणीने येतो. पहिली करायला लावली सकाळी उपाशीपोटी: ०.३. एका किटनंतर दुसरी करायला लावली, नाश्ता करून दोन तासांनी: ०.८. जेवल्यावर पेशींना काम पडतं, आकडा वाढतोच. दोन्ही रिपोर्टांवर नमुन्याची वेळ आणि ‘उपाशी’, ‘जेवणानंतर’ असं स्पष्ट छापलेलं होतं. आम्ही फक्त ठळक आकडे वाचले. मग एचबीए१सी. ११.८ वरून ६.९! पेढे वाटले हो आम्ही. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ती खाली आणली होती रोज रात्री टोचलेल्या सुईने, आणि पेढे गेले त्यांच्या टेबलावर. ३८,५०० त्याच दुपारी दिले.

एक गोष्ट लिहायलाच हवी: इन्सुलिन आम्ही पूर्ण बंद केलं नव्हतं. जेवणाआधीचं एकेक युनिट काढलं, रात्रीचं ४ चालू ठेवलं. त्यांनी तेही ‘शंभर दिवसांत शून्य’ करायला सांगितलं होतं. साखर २४०, २८० दिसायला लागली तेव्हा उत्तर आलं, ‘साठलेलं विष बाहेर पडतंय.’ ताप आला, उलट्या सुरू झाल्या, तर ‘शुद्धी चालू आहे, घाबरू नका.’ मीटरवर ३८६, लघवीच्या पट्टीवर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल) गडद जांभळे, पोटात कळा, धापा टाकल्यासारखा श्वास. दोन रात्री आयसीयू, बिल ४३,७००. तिथल्या डॉक्टरांनी एका वाक्यानेही टोचलं नाही. ते जास्त लागलं.

उलटी होतेय, खात नाही म्हणून रात्रीचं इन्सुलिन चुकवू नका. आजारपणात गरज बहुतेक वेळा वाढते. २५० च्या वर साखर आणि मळमळ असेल तर लगेच कीटोन बघा. पट्ट्यांची डबी एकदा उघडली की दमट हवेत खराब होते, झाकण घट्ट लावा, आणि रंग डबीवर लिहिलेल्या सेकंदांनाच वाचा, नंतर वाचलेला खोटा. कीटोन मध्यम किंवा जास्त असतील आणि उलटी थांबत नसेल तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, सरळ आयसीयू असलेला दवाखाना.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना?’ मग काय, बंदूक लावली तरच फसवणूक? दुसरे साहेब म्हणाले, हे सायबरचं आहे. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर भेटलात, तर हे साधं आहे, चौकीतच जा. दोन मजल्यांच्या मध्ये तीन हेलपाटे. औषधांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात पुडी दाखवली. ‘यावर ना बॅच नंबर, ना परवाना नंबर, मग हे औषध कशावरून?’ म्हणजे लेबल न लावता विकणारा सुटला! पावती बघून म्हणाले, ‘वेलनेस सल्ला’ लिहिलंय, आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या टेबलावर विचारा. पलीकडचे जेवायला गेलेले. पुन्हा गेलो तर उघडी पुडी नमुना म्हणून चालत नाही, सीलबंद आणा. सीलबंद आणायला आणखी १४,८०० भरू का?

१९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय कायदा आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच त्यात बंदी, अनुसूचीत मधुमेह नावानिशी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कलम ९अ प्रमाणे गुन्हा दखलपात्र. त्याची प्रिंट काढून नेली. साहेबांनी चष्मा वर करून वाचली, घडी घातली आणि म्हणाले, ‘वरून विचारून सांगतो.’ ७ आठवडे झाले. वर किती मजले आहेत कोण जाणे.

तुमचं झालंच असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. तासाभरात केला तर पैसे खात्यातच अडवले जाण्याची आशा असते. आम्ही २३ व्या दिवशी केला. ३८,५०० आम्ही यूपीआयने दोन तुकड्यांत दिले होते, २०,००० आणि १८,५००. खातं क्लिनिकच्या नावावर नव्हतं, एका बाईच्या नावावर होतं. स्कॅन केल्यावर नाव स्क्रीनवर येतं. आम्ही वाचलं, तरीही पिन टाकला. पुड्या फेकू नका, निदान एक तरी न फोडलेली ठेवा. मेसेज खोडू नका. आणि मुलाने ती पावडर घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका: अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची औषधं आणि शिसं सापडलेलं आहे. लाजेपोटी आम्ही पहिले सहा तास लपवलं होतं.

डोस आता १३ वर आहे. परवा त्याच नंबरवरून मेसेज आला, धाकट्या भावंडासाठी ‘प्रतिबंधक किट’, ९,९०० रुपये, सवलत आज संध्याकाळपर्यंत. घरात धाकटं भावंड आहे हे आम्हीच त्यांच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं.