लाकडी धनुष्याला जुळणारे बाण : इंदूरमधील एका कारागिराच्या कामाचा अनुभव

राजेंद्रनगरमध्ये घरीच कार्यशाळा चालवणाऱ्या एका कारागिराकडून मी गेल्या हिवाळ्यात एक डझन लाकडी बाण करून घेतले. सहा महिने ते नियमित वापरल्यानंतर हे लिहीत आहे. पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांना बाणाच्या ताठपणाचे, म्हणजे ‘स्पाइन’चे, महत्त्व किती असते हे मला त्यांच्याकडे जाईपर्यंत नीट कळले नव्हते.

माझ्या धनुष्यावर ‘४५ पौंड, २८ इंच’ असे लिहिलेले आहे, म्हणजे २८ इंच ओढले तर ४५ पौंडांचा जोर लागतो. तेवढ्यावर विसंबून मी ऑनलाइन ५०-५५ स्पाइनचे बाण मागवले होते. मी उजव्या हाताने ओढतो आणि ते सगळे बाण लक्ष्याच्या डावीकडे जात. दोष माझ्याच पकडीत असावा असे समजून मी दोन महिने मूठ धरण्याची पद्धत बदलत राहिलो.

या कारागिरांनी सर्वप्रथम धनुष्याला प्रत्यंचा चढवायला सांगितली आणि मी नेहमी जिथपर्यंत ओढतो तिथे बाणावर खूण केली. माझी ओढ २६ इंचच भरली आणि तेवढ्या ओढीला वजनकाट्याने ४० पौंड दाखवले. लाकडी धनुष्याच्या मुठीला मध्यापर्यंत खाच नसल्यामुळे सुटलेल्या बाणाला किंचित लवून मुठीला वळसा घालावा लागतो. बाण फार ताठ असला तर तो लवत नाही आणि बाजूला फेकला जातो, हे त्यांनी मला माझेच बाण मारून दाखवले.

मग मोजणी झाली. एकमेकांपासून २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाणाची दांडी ठेवून मधोमध दोन पौंडांचे वजन टांगतात आणि ती किती इंच लवली ते डायलवर वाचतात. २६ ला त्या आकड्याने भागले की स्पाइन पौंडांत मिळते. माझ्या जुन्या बाणांपैकी एक ०.५२ इंच लवला, म्हणजे तो ५० पौंडांचा होता. दुसऱ्याची सुई ०.४३ वरच थांबली, म्हणजे तो ६० च्या घरात गेला. दोन्ही एकाच डझनातले! इतक्या फरकाच्या बाणांनी सराव करून हात बसणार तरी कसा?

नव्या बाणांसाठी त्यांनी ३६ ते ३८ पौंडांच्या दांड्या निवडल्या, त्यांचे वजनही एकमेकांच्या १० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचे एक छोटे एकक) आत ठेवले आणि १२५ ग्रेनची टोके बसवली. लाकडाच्या वलयांच्या कडांच्या बारीक रेषा धनुष्याकडे येतील अशा रीतीने प्रत्येक बाणाच्या मागची खाच कापली, कारण त्या दिशेने दांडीचा ताठपणा अधिक भरवशाचा असतो. पिसे लावण्याआधी तीन बाण मला तसेच मारायला दिले, कारण पिसे नसली की बाणाचा दोष झाकला जात नाही. ते २० मीटरवर मध्याच्या आसपासच लागले. तो दिवस मी विसरणार नाही.

काही गोष्टी मात्र खटकल्या. तीन आठवडे थांबावे लागले आणि मोजलेले आकडे बाणांवर लिहून मिळाले नाहीत. मागितल्यावर वेगळ्या कागदावर दिले. इंदूरच्या पावसाळ्यात लाकडी बाण हमखास थोडे वाकतात, ते हाताने सरळ कसे करावेत हेही आधीच सांगायला हवे होते. बारा बाणांचे ४,२०० रुपये पडले. मोजणीला लागणारा वेळ पाहता मला ते रास्त वाटतात.

जुन्या बाणांचे काही होईल का, असे मी विचारले होते. नवे विकण्याच्या घाईने त्यांनी ते बाद ठरवले नाहीत. टोक जड केले की बाण अधिक लवतो, म्हणून १६० ग्रेनची टोके लावून पाहिली. बाण डावीकडे जाणे कमी झाले, पण थांबले नाही. लांबी कापली तर ते आणखी ताठ होतील, असे सांगून त्यांनी पुढचा खर्च टाळायला लावला. माझ्या मावसभावाचे धनुष्य ५५ पौंडांचे असून तो पूर्ण २८ इंच ओढतो. मूळ टोके परत बसवून त्यातले आठ बाण मी त्याला दिले आणि त्याच्या हातून ते सरळ जातात.